बोटीचा ट्रेलर घरच्या वर्कशॉपमध्ये बदलणे आणि वेल्ड करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीचा ट्रेलर दिसायला साधा असतो: दोन चॅनेल, काही आडव्या पट्ट्या, एक अ‍ॅक्सल आणि पुढे वाहनाला जोडण्याचा दांडा, म्हणजे ड्रॉबार. पण त्याला रस्त्यावरचे हादरे सोसावे लागतात आणि नंतर पाण्यातही उतरावे लागते, तेही पुष्कळदा खाऱ्या पाण्यात. शेतातली ट्रॉली किंवा वर्कशॉपमधला स्टँड वेल्ड करण्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो, मात्र पुरेसा ठरत नाही. पुढील उत्तरे पोलादी सांगाडा असलेल्या, एका अ‍ॅक्सलच्या लहान आणि मध्यम ट्रेलरला धरून लिहिली आहेत. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरचा विचार एका स्वतंत्र प्रश्नात केला आहे.

यातली कोणती कामे घरी करता येतात आणि कोणती करू नयेत?

विंचचा (बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब पुढे-मागे सरकवणे, बोटीच्या पुढच्या टोकाचा अडसर बदलणे, बंकचे (बोट ज्यांवर टेकते त्या लांब फळ्यांचे) ब्रॅकेट नव्याने बनवणे, मडगार्डचे आधार, पायरी, दिव्यांची पट्टी किंवा सुट्या चाकाचा स्टँड बसवणे ही कामे नीट वेल्ड करू शकणाऱ्या कोणालाही घरी करता येतात. आडवी पट्टी बदलणे आणि स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग सांगाड्याला धरणारे ब्रॅकेट) हलवणे ही त्याहून जबाबदारीची कामे आहेत. मोजमाप काटेकोर असेल आणि वेल्डची खोली तपासून पाहण्याची तयारी असेल तरच ती हाती घ्यावीत. ड्रॉबार, कपलरची (वाहनाच्या टो बारला अडकणाऱ्या जोडणीची) बैठक आणि मुख्य चॅनेल यांवरचा जोड तुटला तर ट्रेलर रस्त्यावर मोकळा सुटतो आणि त्याची किंमत बहुधा समोरून येणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून हे काम स्वतः करायचे असले तरी जोडाची आखणी एखाद्या जाणकार फॅब्रिकेटरला दाखवून घ्यावी आणि आपल्या भागातल्या वाहन नियमांनुसार बदलाची नोंद किंवा तपासणी लागते का, याची चौकशी काम सुरू करण्यापूर्वीच करावी.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. सांगाडा मजबूत केला म्हणून ट्रेलरची वजनक्षमता वाढत नाही. कपलर, अ‍ॅक्सल, स्प्रिंग, बेअरिंग, टायर आणि सांगाडा यांपैकी जो भाग सर्वांत दुबळा, त्याची क्षमता हीच ट्रेलरची क्षमता असते, आणि उत्पादकाच्या पाटीवरचा आकडा ही वरची मर्यादा असते.

काहीही कापण्यापूर्वी कोणती मोजणी करावी?

दोन आकडे हवेत: भरलेल्या ट्रेलरचे एकूण वजन आणि कपलरवर येणारा उभा भार. वजन धरताना बोटीच्या माहितीपत्रकातला कोऱ्या बोटीचा आकडा पुरत नाही. इंजिन, बॅटरी, नांगर, साखळी आणि टाकीतले इंधन हे सर्व मिळवावे लागते. पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे पाऊण किलो आणि पाण्याचे एक किलो धरावे. शक्य असेल तर वजनकाट्यावर प्रत्यक्ष तोलून घेणे सर्वांत चांगले.

बोटीच्या ट्रेलरसाठी कपलरवरचा भार एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के असावा, मात्र टो बार आणि वाहनासाठी ठरवून दिलेली उभ्या भाराची मर्यादा त्याने ओलांडू नये. तो ५ टक्क्यांखाली गेला की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि एकदा सुरू झालेले हे झुलणे आपोआप थांबेलच असे नाही. भार मोजण्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो. भार काट्याच्या क्षमतेबाहेर असेल तर एक भक्कम लाकडी तुळई घ्यावी, तिचे एक टोक पक्क्या आधारावर आणि दुसरे काट्यावर ठेवावे. आधारापासून काटा १२० सेंटीमीटरवर आणि कपलरचा टेकू ३० सेंटीमीटरवर असेल, तर काट्यावर दिसणाऱ्या आकड्याची चौपट म्हणजे कपलरवरचा भार. तुळईचे स्वतःचे वजन आधी काट्यावर पाहून वजा करावे. मोजताना ट्रेलर सपाट जमिनीवर असावा आणि कपलर वाहनाला जोडल्यावर ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर ठेवावा.

कपलरवरचा भार कमी भरला. अ‍ॅक्सल सरकवावा की बोट?

आधी बोट सरकवून पाहावी, कारण त्यासाठी विंचचा खांब हलवला की पुरते आणि सांगाड्याला धक्का लागत नाही. पण बोटीचा ट्रान्सम (इंजिन बसते ती मागची भिंत) बंकच्या टोकावरच टेकला पाहिजे. बोट इतकी पुढे घ्यावी लागत असेल की मागचा आधार चुकीच्या जागी जातो, तर अ‍ॅक्सल हलवण्यावाचून पर्याय नाही.

किती हलवायचा याचा हिशेब सोपा आहे. एकूण वजन ९०० किलो, कपलरपासून अ‍ॅक्सल ४.५ मीटरवर आणि कपलरवर ४५ किलो भार असेल, तर सर्व वजनाचा मध्य अ‍ॅक्सलच्या ०.२२५ मीटर पुढे आहे असे निघते, कारण ४५ गुणिले ४.५ भागिले ९०० म्हणजे ०.२२५. अ‍ॅक्सल १३.५ सेंटीमीटर मागे नेला की हे अंतर ०.३६ मीटर होते, कपलर ते अ‍ॅक्सल हे अंतर ४.६३५ मीटर होते आणि भार सुमारे ७० किलोंवर, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास जातो. एवढ्याशा अंतराने इतका फरक पडतो हे लक्षात घेतले तर ‘अंदाजे एक वीत मागे घेऊ’ ही भाषा इथे का चालत नाही ते कळते. अ‍ॅक्सलचे वजन स्वतः थोडे मागे जाते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित कमी येईल; बदलानंतर पुन्हा मोजणे आवश्यकच आहे.

शक्य असेल तिथे अ‍ॅक्सल यू-बोल्टने किंवा बोल्टच्या हँगर प्लेटने बसवावा. पुढच्या हंगामात इंजिन बदलले तर पुन्हा सरकवता येतो.

ड्रॉबार लांब करायचा आहे. पुढे तुकडा वेल्ड करून चालेल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. तुकडा जोडता येतो, पण जोडू नये. पूर्ण लांबीचा नवा ड्रॉबार बसवावा.

कारण असे. ड्रॉबारवरचा वाकवणारा जोर कपलरपाशी नगण्य असतो आणि मागे जाल तसा वाढत जाऊन, ड्रॉबार जिथे पहिल्या आडव्या पट्टीला किंवा दोन तिरक्या बाह्यांना मिळतो तिथे सर्वाधिक होतो. दांड्याची मोकळी लांबी १.२ मीटरवरून १.५ मीटर केली, तर तेवढ्याच भाराला मुळापाशी येणारा जोर एक चतुर्थांशाने वाढतो आणि टोकाचे वाकणे जवळजवळ दुप्पट होते, कारण वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आपण पुढे घातलेला जोड कितीही उत्तम असला, तरी जादा ताण पडतो तो मागच्या जुन्या, बहुधा गंजाने थोड्याफार खाल्लेल्या मुळावर. जोडाकडे सर्वांचे लक्ष असते आणि मूळ तडकते.

नवा ड्रॉबार घेताना चौकोनी पाइपची उभी उंची वाढवणे हे भिंतीची जाडी वाढवण्यापेक्षा जास्त फायद्याचे ठरते. जाडी फार पातळ करून मात्र चालत नाही. गंजाला खायला काही धातू शिल्लक ठेवावा लागतो. पाइप निदान दोन आडव्या पट्ट्यांच्या खालून मागे न्यावा आणि प्रत्येक ठिकाणी प्लेट व बोल्ट यांनी आवळावा. पाइपच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागाला भोके पाडू नयेत.

काही कारणाने जोड द्यावाच लागला, तर पाइप काटकोनात न कापता तिरका कापावा, कडांना उतार देऊन पूर्ण खोलीचा वेल्ड घ्यावा, आणि दोन्ही उभ्या बाजूंवर टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या प्लेटा लावाव्यात. या प्लेटांचा वेल्ड पाइपच्या लांबीच्या दिशेने असावा. आत दुसरा पाइप सरकवून केलेला जोड इतर ट्रेलरवर बरा असला तरी बोटीच्या ट्रेलरवर घातक आहे: दोन पाइपांमधल्या फटीत खारे पाणी शिरते, तिथेच राहते आणि बाहेरून काहीही न दिसता आतली भिंत खाल्ली जाते.

मुख्य चॅनेलवर ब्रॅकेट कुठे वेल्ड करावे?

चॅनेलच्या उभ्या भिंतीवर, आणि तेही मधल्या तिसऱ्या हिश्शात. चॅनेल वाकतो तेव्हा त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांवर ताण सर्वाधिक असतो आणि मधोमध तो जवळजवळ शून्य असतो. खालच्या पट्टीवर आडवा टाका (वेल्डची रेघ) घातला तर आपण तिथे कुऱ्हाडीने खाच मारून ठेवल्यासारखे होते. धातू एकदम तुटत नाही, पण हजारो हादऱ्यांनंतर टाक्याच्या कडेपासून बारीक तडा सुरू होतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. याबाबतीत अधिक बळकट प्रतीचे पोलाद वापरूनही सुटका होत नाही, कारण वेल्ड केलेल्या जोडाची थकव्यापुढे टिकण्याची क्षमता पोलादाच्या प्रतीवर जवळपास अवलंबून नसते. ती जोडाच्या आकारावर आणि टाक्याच्या कडेवर ठरते.

म्हणून टाका शक्यतो चॅनेलच्या लांबीच्या दिशेने घ्यावा, कडेच्या अगदी टोकापर्यंत नेऊ नये आणि टाका संपवताना शेवटचा खळगा भरून मगच आर्क तोडावी, कारण न भरलेल्या खळग्यातूनच अनेक तडे सुरू होतात. आर्क चॅनेलवर भलत्याच जागी टेकवून पेटवू नये. कोनी टाक्याची बाजू दोन पट्ट्यांपैकी पातळ पट्टीच्या जाडीएवढी असली की पुरे. त्याहून जाड टाका घातल्याने जोड बळकट होत नाही, उष्णता आणि वाकडेपणा तेवढा वाढतो.

सांगाडा जस्तलेपित आहे. त्यावर थेट वेल्ड करता येईल का?

नाही. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, तर पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे पोलाद वितळण्याच्या खूप आधी जस्ताची वाफ होते. ती वाफ वितळलेल्या धातूतून बुडबुड्यांसारखी बाहेर पडताना टाक्यात छिद्रे ठेवून जाते, शिंतोडे उडवते आणि टाका ठिसूळ करू शकते. वरून नीट दिसणारा टाका आतून पोकळ निघतो तो पुष्कळदा यामुळेच.

दुसरा धोका श्वासाचा. जस्ताच्या वाफेचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी, बहुधा त्याच दिवशी रात्री, थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते आणि खूप तहान लागते. हा धातूच्या धुराचा ताप सहसा एक-दोन दिवसांत उतरतो, पण श्वास घ्यायला त्रास झाला तर डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये. दूध प्यायल्याने हा ताप टळतो अशी समजूत अनेक वर्कशॉपमध्ये आहे. तिला आधार नाही. टाळण्याचे उपाय तीनच: जस्त आधी काढणे, हवा खेळती ठेवणे आणि धातूच्या धुरासाठी योग्य फिल्टरचा मास्क घालणे. साधा कापडी रुमाल उपयोगाचा नाही.

जस्त काढताना टाक्याच्या दोन्ही बाजूंना निदान २५ मिलिमीटर, आणि जमल्यास ५० मिलिमीटर पट्टा फ्लॅप डिस्कने घासून चकचकीत पोलाद उघडे करावे. घासताना उडणारी धूळही आत घेऊ नये. ॲसिडने जस्त उतरवण्याचा मार्ग घरी वापरू नये. ॲसिड फटींत राहते, धातू खात राहते आणि त्याच्या वाफा वेगळाच त्रास देतात. चौकोनी पाइप असेल तर त्याच्या आतल्या बाजूलाही जस्त असते आणि तिथपर्यंत ग्राइंडर पोहोचत नाही. तो धूर टाक्यातूनच वर येऊ पाहतो. एवढ्या एका कारणासाठीही जस्तलेपित पाइपवर वेल्डिंगऐवजी बोल्टचा जोड निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणजे वेल्डिंगपेक्षा बोल्ट चांगले?

बोटीच्या ट्रेलरवर बहुतेक वेळा होय. जस्तलेपित ट्रेलर कारखान्यातूनच बोल्ट आणि यू-बोल्टने जोडलेले येतात ते काही कंजुषीमुळे नव्हे. प्रत्येक भाग वेगळा जस्तात बुडवता येतो, जस्ताचा थर कुठेही जळत नाही, आणि गंजलेला भाग काढून नवा बसवता येतो. आपणही तीच पद्धत पुढे चालवावी: ब्रॅकेट बाकावर वेल्ड करावे, जस्तलेपन करून घ्यावे आणि मग सांगाड्याला यू-बोल्टने आवळावे. चॅनेलला भोक पाडावे लागलेच तर ते उभ्या भिंतीच्या मधोमध पाडावे. बोल्ट गरम जस्तलेपित असावेत. नुसते चमकदार मुलाम्याचे बोल्ट खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात.

कोणती वेल्डिंग पद्धत वापरावी?

तीन मिलिमीटरच्या आसपासच्या स्वच्छ पोलादावर गॅसच्या आवरणात तार वितळवणारी मिग पद्धत सोयीची आहे. ०.८ मिलिमीटरची ईआर ७०एस-६ तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण आणि ११० ते १३० अँपिअरच्या दरम्यान प्रवाह, एवढ्यात तीन मिलिमीटरचा जोड चांगला बसतो. उघड्यावर वाऱ्याची झुळूक आली की गॅस उडून जातो आणि टाक्यात छिद्रे पडतात.

मिगचा खरा धोका मात्र वेगळा आहे. पाच-सहा मिलिमीटरच्या प्लेटवर कमी ताकदीचे यंत्र वापरले तर टाका सुंदर दिसतो, पण धातू खालच्या प्लेटमध्ये मुरलेलाच नसतो. तो नुसता वर बसलेला असतो. सराव नसलेल्या माणसाला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. जाड भागांसाठी म्हणून मी स्टिक वेल्डिंगला, म्हणजे रॉडने करायच्या वेल्डिंगला, पसंती देतो. ई ७०१८ रॉडचा टाका चिवट असतो, पण हा रॉड कोरडाच लागतो. उघड्या डब्यात पडून ओल धरलेला रॉड सांगाड्याच्या कामाला घेऊ नये. ३.२ मिलिमीटरच्या ७०१८ रॉडला साधारण १०० ते १४० अँपिअर लागतात. नेमका आकडा रॉडच्या पुड्यावर छापलेला असतो. ई ६०१३ हाताळायला सोपा आहे आणि ब्रॅकेटसारख्या किरकोळ कामांना चालतो, मात्र त्याची खोली कमी असते आणि स्लॅग (रॉडच्या लेपाचे टाक्यावर साचणारे कवच) टाक्यात अडकण्याचा संभव जास्त असतो.

विनागॅस फ्लक्स-कोअर तार बाहेरच्या कामाला उपयोगी आहे. ती वापरताना यंत्राची ध्रुवता बदलावी लागते, म्हणजे टॉर्च ऋण बाजूला जोडावी लागते. हे विसरल्यामुळे अनेकांचे टाके शिंतोड्यांनी भरलेले आणि वरवरचे येतात. तसेच काही फ्लक्स-कोअर तारा फक्त एकाच थराच्या टाक्यासाठी असतात, हे पाकिटावर पाहून घ्यावे.

गंजलेल्या जागेवर प्लेट ठोकून वेल्ड केली तर?

गंजावर वेल्ड बसत नाही आणि गंजाखालचा कागदासारखा पातळ पत्रा वेल्डच्या उष्णतेने फुटतो. पाइप बाहेरून ठीक वाटला तरी आतून गेलेला असू शकतो, कारण पाणी आत साचते. हातोडीने सर्व लांबीभर ठोकत जावे. घट्ट धातूचा आवाज खणखणीत येतो आणि गेलेल्या जागी तो बद्द होतो. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर जोराने टोचावा. स्प्रिंगच्या हँगरच्या वरचा भाग, आडव्या पट्ट्यांची टोके आणि बंद पाइपची सर्वांत खालची जागा यांकडे विशेष लक्ष द्यावे.

दुरुस्ती करायची तर पूर्ण जाडीचा धातू लागेपर्यंत कापत जावे आणि तिथून नवा तुकडा घालावा. कापत जाता जाता निम्मा चॅनेल गेला, तर तो चॅनेलच बदलावा.

पाइपची टोके वेल्ड करून बंद करावीत का?

पाणी आत जाऊच नये म्हणून टोके बंद करण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण बोल्टच्या एका भोकातून किंवा केसाएवढ्या छिद्रातून पाणी आत शिरतेच आणि मग बाहेर पडत नाही. टोके उघडी ठेवावीत किंवा सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची भोके ठेवावीत, म्हणजे गोड्या पाण्याने आतून धुताही येते.

बंद पाइपचा दुसरा धोका जिवावरचा आहे. आत पाणी असलेला बंद पाइप तापवला तर वाफेच्या दाबाने फुटू शकतो. जस्तलेपनाच्या कुंडात, जिथे वितळलेले जस्त सुमारे ४५० अंशांवर असते, बंद पाइप बुडवला तर स्फोट होऊ शकतो. जस्तलेपनाला देण्याच्या प्रत्येक पोकळ भागाला हवेची आणि निचऱ्याची भोके हवीतच; ती कुठे आणि केवढी असावीत हे त्या कारखान्याला आधी विचारून घ्यावे.

कशावर कधीही वेल्ड करू नये?

स्प्रिंगच्या पाट्यांवर, कपलरवर, सुरक्षा साखळीच्या कड्यांवर आणि उच्च प्रतीच्या बोल्टवर वेल्ड करू नये, कारण यांची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डच्या उष्णतेने ती जाते. साखळी बोल्ट-शॅकलने जोडावी. रबरी टॉर्शन अ‍ॅक्सलच्या नळीवरही वेल्ड करू नये. आतले रबर जळते आणि बाहेरून ते कळत नाही. साध्या अ‍ॅक्सलच्या नळीवर स्प्रिंगची बैठक नव्याने बसवायची असेल तर ती बोल्टने आवळली जाणारी घ्यावी.

ॲल्युमिनियमचा सांगाडा घरी वेल्ड करता येतो का?

तांत्रिकदृष्ट्या टिगच्या एसी पद्धतीने करता येतो, पण सांगाड्यावर करू नये. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि टाक्याशेजारच्या पट्ट्यात ती मोठ्या प्रमाणात कमी होते. तडा गेलेला ॲल्युमिनियमचा चॅनेल बदलावा.

वेल्ड करताना सांगाडा वाकडा होऊ नये म्हणून काय करावे?

आधी सर्व भाग क्लॅम्पने आवळून फक्त टॅक (छोटे तात्पुरते टाके) मारावेत आणि मग मोजावे. सांगाड्याचे दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कपलरच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतची अंतरे सारखी हवीत. यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टॅक तोडून पुन्हा बसवावे. अ‍ॅक्सल तिरका राहिला की ट्रेलर एका अंगाने ओढतो आणि टायर एका हंगामातच झिजतात. पूर्ण टाके घालताना एका बाजूला सलग काम न करता लहान लहान तुकड्यांत, आलटून पालटून दोन्ही बाजूंना घालावेत आणि मध्ये थंड होऊ द्यावे. पाणी ओतून थंड करू नये.

बोट ट्रेलरवर ठेवूनच लहानसा टाका घातला तर चालेल?

चालणार नाही. फायबरग्लासची बोट पेट घेते, बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साचलेली असू शकते आणि बंकवरचा गालिचा एका ठिणगीने धुमसत राहतो. बोट उतरवावी, बंकच्या फळ्या काढाव्यात, दिवे आणि वायरिंग सोडवावे आणि ट्रेलर वाहनापासून वेगळा करावा. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर लावावा. तो दूर लावला तर प्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो.

आणखी दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर वेल्ड करू नये, कारण आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ग्रीस पुसायला ॲसिटोन वापरावे आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच आर्क पेटवावी. दुसरे, टायर बसवलेल्या रिमवर वेल्ड करू नये किंवा ती तापवू नये. हवा भरलेला टायर त्या उष्णतेने स्फोटासारखा फुटतो.

काम संपल्यावर निदान एक तास जागेवर थांबून कुठे धूर येतो का ते पाहावे. अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी असावी. सुती किंवा चामड्याचे पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि या कामाच्या अँपिअरला साधारण १० किंवा ११ क्रमांकाची काच पुरते.

बंकच्या फळ्या बदलताना काय पाहावे?

फळ्या बोटीच्या तळातल्या लांबट आधारांच्या रेषेत याव्यात आणि ट्रान्समच्या खालपर्यंत पोहोचाव्यात. ट्रान्सम अधांतरी राहिला तर इंजिनच्या वजनाने तळ कालांतराने वाकतो आणि पाण्यात बोटीची चाल बिघडते. फळी बसवणाऱ्या बोल्टचे डोके लाकडात खोल बुडवावे, नाहीतर गालिचा झिजल्यावर ते तळाला चरे पाडते. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड वापरू नये. ओल्या गालिच्यातून तांबे तळाशी पोहोचते आणि ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. साधे चांगले लाकूड तेवढे टिकत नाही, पण ते बदलणे तळ बदलण्यापेक्षा सोपे आहे.

माझा टाका पुरेसा पक्का आहे हे कसे ओळखावे?

सांगाड्यावर आर्क पेटवण्यापूर्वी त्याच जाडीचे तुकडे, तीच तार किंवा रॉड आणि तोच प्रवाह वापरून नमुना जोड बनवावा. एकाच बाजूने कोनी टाका घातलेला टी आकाराचा तुकडा शिकंज्यात धरून हातोडीने टाक्याच्या दिशेला पाडावा. टाका नीट मुरला असेल तर धातू वाकतो किंवा टाक्यातून खरखरीत तुटतो. टाका प्लेटपासून अख्खा सुटून आला आणि खाली ग्राइंडरच्या रेघा तशाच दिसल्या, तर तो मुरलाच नव्हता. सांगाड्यावरच्या टाक्यात छिद्रे, कडेची खाच, न भरलेला खळगा आणि तडा शोधावेत. ड्रॉबारसारख्या जागी डाय पेनिट्रंट वापरावे: लाल द्रव लावून पुसल्यावर पांढरा डेव्हलपर फवारला की केसाएवढा तडाही लाल रेघेच्या रूपात उमटतो. खराब टाक्यावर दुसरा थर चढवून तो झाकू नये. ग्राइंडरने पूर्ण काढून नव्याने घालावा.

वेल्ड केलेली जागा गंजापासून कशी वाचवावी?

स्लॅग, शिंतोडे आणि काळपट थर पूर्ण काढून, धातू कोरडा करून, जस्तयुक्त रंगाचे दोन-तीन थर द्यावेत. सुकलेल्या थरात ९० टक्क्यांहून अधिक जस्त असेल असाच रंग निवडावा. चंदेरी दिसणारा प्रत्येक स्प्रे जस्तयुक्त नसतो. हा रंग चकचकीत धातूला थेट लागला तरच काम करतो, म्हणून खाली प्रायमर लावू नये. मोठे बदल केले असतील तर सर्व सांगाडा सोडवून पुन्हा गरम जस्तलेपन करून घेणे श्रेयस्कर.

दिव्यांची जोडणी परत करताना सांगाड्याचाच अर्थिंगसाठी उपयोग करण्याऐवजी प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थची तार न्यावी. रंगवलेल्या आणि बोल्टने जोडलेल्या सांगाड्यातून येणारा अर्थ पाण्यात दोन-चार वेळा उतरल्यावर दगा देतो.

काम झाल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघता येईल का?

आधी रिकामा ट्रेलर जवळपास फिरवून आणावा, मग बोट चढवून कमी वेगाने थोडे अंतर जावे. थांबल्यावर चाकाच्या हबवर हात ठेवून पाहावा. हात ठेववत नसेल इतका हब तापला असेल तर बेअरिंग जास्त आवळलेले आहे किंवा ग्रीस कमी आहे. तापलेला हब तसाच पाण्यात उतरवू नये, कारण आतली हवा एकदम आकसून सीलमधून पाणी आत ओढून घेते. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत, कपलरवरचा भार पुन्हा मोजावा आणि नव्या टाक्यांच्या कडांवरचा रंग उजेडात नीट पाहावा. रंगात बारीक भेग किंवा तिच्यातून पाझरलेली तांबूस रेघ दिसली, तर बोट तिथेच उतरवून घ्यावी आणि तो जोड उघडून तपासेपर्यंत ट्रेलर रस्त्यावर नेऊ नये.